उंच सीटचा ऑक्टोबर

मरोळला आमच्या रस्त्यावर सप्तपर्णीची झाडं आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ऑक्टोबर आला की एका संध्याकाळी खिडकीतून तो दाट, गोडसर, डोकं जड करणारा वास थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि फोडणीच्या वासावरही मात करतो. शेजारच्या काकूंचं त्याने डोकं दुखतं, त्या खिडक्या लावून घेतात. माझी मात्र उजवी पोटरी चुरचुरायला लागते. तिथे नाण्याएवढा एक डाग आहे, जुना, आता कोणाच्या लक्षातही न येणारा. त्या डागाला या वासाची आठवण आहे असं मला उगाचच वाटतं.

मुंबईत ऑक्टोबरवर कोणी प्रेम करत नाही. पाऊस गेलेला असतो आणि थंडीचा पत्ता नसतो. पावसाने उखडलेल्या रस्त्यांची धूळ उडायला लागते. डांबर तापतं, वर आभाळ मात्र धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. दुपारी अंधेरीच्या एमआयडीसीत चतुर उडत असतात, गोदामांच्या पत्र्यांवर, उभ्या ट्रकच्या आरशांवर. सगळे म्हणतात, कधी संपतोय हा महिना. मी म्हणत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मला या महिन्याने दिला, तोही एका अशा वस्तूवर, जी बनवताना माझा विचार कोणीही केलेला नव्हता.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी घरात साफसफाई काढली होती. विलास, माझा नवरा, पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. इतकी वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवून ज्याला साधं खरचटलं नव्हतं, तो घरातल्या पंख्याखाली पडला. हॉस्पिटलात भेटायला येणारा प्रत्येक जण आधी गाडीलाच दोष द्यायचा. या मोटरसायकली म्हणजे नुसती बला, असं कोणी सुरू केलं की विलास कॉटवरून शांतपणे सांगायचा, गाडीचा काही संबंध नाही, ती खाली उभी होती.

ती खरंच खाली उभी होती. काळी, लांब, दीडशे सीसीची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. विलासने लग्नानंतर हौसेने घेतलेली. मी तिच्या मागच्या सीटवर संसारातली बरीच वर्षं काढली होती. देवगडला लहानपणी मी वडिलांची मोठी सायकल मधल्या नळीखालून पाय घालून चालवायचे. वडील लालबागला गिरणीत होते, सायकल गावाला धाडली होती त्यांनी. दोन चाकांची भीती मला कधीच नव्हती. पण या गाडीची पुढची सीट म्हणजे विलासची जागा, एवढं ते ठरून गेलेलं होतं की तिथे बसावं असं मनातही आलं नव्हतं.

ते मनात आणलं लॅबने. मी अंधेरी पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आमच्या मॅडम म्हणजे लॅबच्या मालक आणि डॉक्टर. विलास हॉस्पिटलातून घरी आला त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हल्ली लोक लॅबमध्ये येत नाहीत, घरी येऊन रक्त घेऊन जा म्हणतात. दिवाळीनंतर काउंटरवर एकच जण राहील. बाकी ज्यांना राहायचं आहे त्यांनी घरोघरी फिरायचं, स्वतःच्या दुचाकीवर. काउंटरवर कोण राहणार ते ठरलेलंच होतं, ती मॅडमची भाची होती. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत शिकते. मॅडमनी विचारलं, स्कूटर ना? मी म्हटलं, नाही, मोटरसायकल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. माझी उंची पाच फूटही भरत नाही.

स्कूटर घे की, असं सगळ्यांनीच सांगितलं. पण विलासच्या पायात सळई बसली होती आणि तो कामावर कधी जाणार ते डॉक्टरही सांगत नव्हते. नव्या गाडीचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. घरात एक गाडी होती, तीच चालवायची होती. नाहीतर दिवाळीनंतर घरात दोघंही बसून असणार होतो.

त्या रात्री मी विलासला हे सांगितलं तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. त्याने हसावं अशी माझी जवळजवळ अपेक्षाच होती. तो म्हणाला, "आधी तुला तिच्या खोड्या सांगतो. चालवणं सोपं आहे गं, खोड्या कळल्या पाहिजेत."

शिकाऊ लायसन्स काढलं, पुढे-मागे लाल एल चिकटवला आणि आमची शाळा सुरू झाली. विलास दुसऱ्या मजल्यावर खिडकीत खुर्ची टाकून बसायचा, पाय समोरच्या स्टुलावर, ज्यावरून तो पडला त्याच. मी खाली कंपाउंडमध्ये, कानात हेडफोन, फोनवर तो. पहिला धडा असा झाला की मी स्टँडवरच्या गाडीवर बसले आणि दोन्ही पाय हवेत लोंबकळले. गाडी स्टँडवरून काढल्यावरही काही फारसा फरक पडला नाही. एका बाजूला सरकून बसलं तर डाव्या पायाचा चवडा कसाबसा जमिनीला लागायचा. मी वर पाहिलं. विलास फोनवर म्हणाला, तेवढा पुरतो.

आणि मग एकेक खोडी कळायला लागली. मागे बसून इतकी वर्षं मला ज्यांचा पत्ताच नव्हता, त्या सगळ्या. न्यूट्रलचा हिरवा दिवा खोटं बोलायचा. दिवा लागला म्हणून क्लच सोडावा, तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असायची आणि एक गचका देऊन बंद पडायची. इंडिकेटरचं बटण दाबायला जावं तर अंगठा हॉर्नवर पडायचा. त्यामुळे मी डावीकडे वळताना सगळ्या सोसायटीला ओरडून सांगत वळायचे. आरशांत मागचा रस्ता सोडून माझीच कोपरं दिसायची. साइड स्टँड इतका लांब, की जमीन जराशी उजवीकडे उतरती असली तर गाडी सरळ उभी राहून विचार करत बसायची, पडू की नको. पेट्रोलच्या टाकीचं झाकण बिजागरीवर उघडायच्या ऐवजी सुटून हातात यायचं, आणि पंपावर एका हातात झाकण, एका हातात पर्स धरून गाडी मांडीने तोलायची. सामान ठेवायला जागा म्हणाल तर एक पोपटाच्या चोचीएवढा कप्पा, त्यात गाडीचे कागद दुमडून कोंबले की संपलं. विलास हे सगळं असं सांगायचा, जसं कोणी आपल्या घरातल्या तिरसट म्हाताऱ्या माणसाबद्दल पाहुण्याला आधीच सांगून ठेवतं. लाजही नाही, तक्रारही नाही. सांभाळून घ्या, एवढंच.

एका गोष्टीने मात्र मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. गाडी पुसत होते. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला ती लोखंडी जाळी असते ना, साडी चाकात जाऊ नये म्हणून, आणि तिच्या खाली पाय ठेवायला एक पट्टी. ती पुसताना लक्षात आलं की या अख्ख्या गाडीत बाईसाठी केलेली तेवढीच एक गोष्ट आहे. कोणीतरी कुठेतरी कागदावर ही गाडी आखताना बाईचा विचार केला होता. मनापासून केला होता. पण तिला मागे, एका बाजूला पाय सोडून बसवून केला होता. हँडल किती लांब, सीट किती उंच, ब्रेकचा दांडा केवढ्या पंजाला पुरेल, हे ठरवताना ती बाई त्यांना दिसलीच नव्हती. मला राग आला नाही, खरं सांगते. जरा मजाच वाटली. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून नमुन्यांचा डबा घरी आणला, तो त्या जाळीला कसा बांधता येईल ते बघितलं, आणि दोन पट्ट्यांनी तो असा घट्ट बसला जसं काही ती जाळी त्याच्यासाठीच केली होती.

नवरात्र सुरू झालं. लॅबमध्ये रोजचा एकेक रंग. हिरव्याच्या दिवशी मी हिरव्या ड्रेसमध्ये कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत होते. ओढणी चेनने ओढली. मी घाबरून ब्रेक दाबला आणि उजवा पाय टेकायला गेले. तिथे जमीन नव्हतीच. म्हणजे होती, पण माझ्या पायाच्या खाली वीतभर. गाडी आणि मी दोघी उजवीकडे आडव्या झालो. सायलेन्सर पोटरीला चिकटला. कातडी जळल्याचा वास आला आणि त्याच्या मागोमाग गेटवरच्या झाडाचा, सप्तपर्णीचा. दोन्ही वास तेव्हापासून एकमेकांत मिसळले आहेत.

मी पाय सोडवून उठले. वॉचमन धावत आला, पार्किंगमधून आणखी दोन गृहस्थ आले. राहू द्या वहिनी, आम्ही उचलतो, हे तुमचं काम नव्हे, असं म्हणत एकाने हँडलला हातही घातला. तेवढ्यात वरून विलासचा आवाज आला. तो कधी आवाज चढवत नाही. पण तेव्हा सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. "कोणी हात लावू नका. ती उचलेल."

ते तिघंही बाजूला झाले. मला क्षणभर नवऱ्याचाच राग आला. पोटरीची आग होत होती, ओढणीची लक्तरं चेनमध्ये होती, बायका गॅलऱ्यांमध्ये आल्या होत्या. कानातला हेडफोन मात्र जागेवर होता आणि त्यात तो अगदी हळू, नेहमीच्या आवाजात बोलत होता. आधी चावी बंद कर. गिअरमध्ये टाक, म्हणजे घरंगळणार नाही. आता साइड स्टँड बाहेर काढून ठेव, नाहीतर पलीकडे पडेल. आता तिच्याकडे पाठ कर. सीटला कंबर लाव. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. हातांनी उचलू नकोस, पायांनी उचल. मागे चालत जा, छोटी छोटी पावलं.

मी पाठ केली, बसले, आणि जमिनीला पायांनी रेटलं. पहिल्यांदा काही झालं नाही. मग ती हलली. मग मी एक पाऊल मागे सरकले, आणखी एक, आणि माझ्या वजनाच्या तिप्पट वजनाचं ते धूड माझ्या पाठीवर टेकत टेकत उभं राहिलं आणि अलगद स्टँडवर कललं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वॉचमन फक्त म्हणाला, "अरे वा." त्या एका क्षणात गाडी माझी झाली. चालवायला अजून धड येत नव्हती, पण पडली तर उचलता येते, हे कळल्यावर पडायची भीती संपली. पुढे कितीतरी गोष्टींत मला हे उपयोगी पडलं आहे, पण त्याबद्दल बोलायला लागलं की फार मोठं बोलल्यासारखं होतं, म्हणून राहू दे.

दुसऱ्या दिवशी मी जीन्सची पँट घातली. ओढणी त्यानंतर गाडीवर कधी आली नाही.

रविवारी एमआयडीसी बंद असते. तिथले रुंद रस्ते, बंद शटर, सुस्तावलेली कुत्री. आमच्या बिल्डिंगमधले इस्माईलभाई रिक्षा चालवतात. विलासने त्यांना गळ घातली, आणि मग दर रविवारी सकाळी एमआयडीसीत ही वरात निघायची: पुढे मी, मागे रिक्षा, रिक्षाच्या मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसलेला माझा नवरा. तो आणि इस्माईलभाई, दोघंही एकाच वेळी सूचना द्यायचे आणि त्या बहुतेक एकमेकांच्या विरुद्ध असायच्या. शेवटी मी एका वळणावर थांबून दोघांनाही सांगितलं की आता गप्प बसा आणि नुसतं मागून या. ते आले. मी तिसऱ्या गिअरमध्ये गेले, तापायला लागलेला वारा हेल्मेटच्या काचेखालून आत आला, आणि मागे रिक्षाचा आवाज हळूहळू लांब पडत गेला. मी मुद्दामच थांबले नाही.

लायसन्सच्या परीक्षेला आठाचा आकडा काढायचा असतो, जमिनीवर आखलेल्या रेघेवरून, पाय न टेकता. मी रांगेत उभी होते. पुढचे बहुतेक सगळे तरणे, उंच, घरच्या गाड्यांवर कधीपासून विनालायसन्स फिरत असणार असे. एकेक जण जायचा, वळणावर जरा डगमगायचा आणि सवयीने पाय खाली टाकायचा. नापास. पुन्हा पुढच्या वेळी या. माझी पाळी आली तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, ही गाडी कोणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी हातातल्या पेनाने नुसतं जा अशी खूण केली, चेहऱ्यावर, आता हेही बघून टाकू, असा भाव. मी निघाले. पहिलं वळण, दुसरं वळण, मधली रेघ, पुन्हा वळण. डगमगले मीही. पण पाय खाली टाकायचं माझ्या मनातच आलं नाही. कसं येणार? गेला महिनाभर मी शिकले होते ते हेच, की खाली आपल्यासाठी जमीन नाही, तेव्हा जे काय सावरायचं ते वरच सावरायचं. ज्या उंच सीटला मी रोज शिव्या दिल्या होत्या, तिनेच मला पास केलं. साहेब म्हणाले, "पुढचे." तेवढंच. मी गाडी बाहेर आणून फूटपाथला पाय लावला आणि विलासला फोन केला. तो म्हणाला, येताना वडे घेऊन ये.

दिवाळी तोंडावर आली होती. मॅडमनी मला दोन दिवस फिरवून बघायचं ठरवलं. पहिल्याच सकाळी यादीत शेवटचं नाव खारदांड्याचं होतं. हिराबाई, वय सत्तरीच्या पुढे, मूत्रपिंडाचा त्रास, डॉक्टरांनी पोटॅशियम बघायला सांगितलेलं. खारदांडा म्हणजे कोळीवाडा. बारीक गल्ल्या, दारांसमोर जाळी, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि बाजाराला निघालेल्या बायकांची घाई. मी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, जमिनीचा उतार नीट बघून, आणि आत गेले.

हिराबाई कॉटवर बसून होत्या. अंगापिंडाने मोठ्या, पण चेहरा उतरलेला, हात सुजलेले. सून म्हणाली, दोन दिवस जेवल्या नाहीत. शीर सापडेना. आधी कोणी येऊन टोचून टोचून गेलं होतं, दोन्ही कोपरं काळीनिळी होती. शेवटी हाताच्या पाठीवर एक बारीकशी शीर मिळाली. मी श्वास रोखून एक नळी भरली आणि मनात म्हटलं, हे एवढंच. दुसऱ्यांदा मिळणार नाही. असं रक्त वेळेत मशीनवर गेलं नाही तर पोटॅशियम खोटं दाखवतं, मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. मी डबा जाळीला बांधला आणि निघाले.

सांताक्रूझ गेलं. पार्ल्याच्या अलीकडे सिग्नलला थांबले, हिरवा झाला, क्लच सोडला आणि गाडी खोकून बंद पडली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. मागे हॉर्न सुरू झाले. सेल्फ मारला, नुसती घरघर. आणि मग मला विलासचा आवाज आठवला, की काट्यावर विश्वास ठेवू नकोस, तो फक्त तिची मनःस्थिती सांगतो. मी उतरून गाडी ढकलत कडेला घेतली. टाकीखाली डाव्या बाजूला रिझर्व्हचा नॉब असतो, न बघता हात घालून शोधायचा. तो फिरवला. आता किक. बसून किक मारण्याएवढे माझे पाय लांब नाहीत. म्हणजे आधी गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायची. मोठा स्टँड ताकदीने लागत नाही, त्याच्या दांड्यावर सगळं वजन टाकून उभं राहावं लागतं, मग गाडी आपोआप मागे चढते. ती चढली. ट्रॅफिक हवालदार आले, मॅडम, कोणाला बोलावू का म्हणाले. मी म्हटलं, एक मिनिट द्या. मी गाडीच्या बाजूला उभी राहून किक मारत राहिले. घाम डोळ्यांत येत होता. पेट्रोल खाली उतरायला वेळ लागतो, हे माहीत होतं, आणि तरी प्रत्येक फुकट गेलेल्या किकबरोबर त्या हाताच्या पाठीवरची शीर डोळ्यांसमोर येत होती. मग गाडीने धरलं. एकदा भुरभुरली, आणि मग नीट, गोल, भरलेल्या आवाजात चालू झाली. हवालदारांनी मागचा ट्रॅफिक हाताने थांबवून मला वाट दिली.

नळी वेळेत मशीनवर गेली. मॅडम स्वतः रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या, चष्मा कपाळावर. पोटॅशियम फार वाढलेलं होतं. त्यांनी त्याच मिनिटाला हिराबाईंच्या घरी फोन लावला आणि सांगितलं, दुपारपर्यंत थांबू नका, आत्ताच हॉस्पिटलला न्या. सुनेने नेलं. नंतर तिने मला सांगितलं, तिथले डॉक्टर म्हणाले की अजून उशीर झाला असता तर हृदयाचं काही सांगता आलं नसतं. मॅडमनी त्या संध्याकाळी मला एवढंच विचारलं, की उद्या यादीत बोरिवली टाकली तर जमेल ना? दोन दिवसांच्या परीक्षेतला दुसरा दिवस नंतर कोणी मोजलाच नाही.

आता इतक्या दिवसांनी उपनगरांचा एक वेगळाच नकाशा माझ्या डोक्यात तयार झाला आहे. कोणत्या सिग्नलला डावीकडे उंच फूटपाथ आहे, कुठे दुभाजक पायाला लागतो, घाटकोपरच्या कोणत्या गल्लीत रस्ता डावीकडे उतरता असल्याने साइड स्टँडवर भरवसा ठेवता येतो, मुलुंडला कोणत्या सोसायटीच्या गेटसमोर पाय टेकायला एक जुना दगड आहे. उंच माणसांना हे शहर असं कधीच दिसणार नाही. त्यांना फूटपाथ म्हणजे नुसता फूटपाथ. मला तो भेटतो, हात दिल्यासारखा.

विलासचा पाय सावकाश बरा झाला. पहिल्यांदा बाहेर निघालो तेव्हा डॉक्टरांनी त्याला अजून गाडी चालवायची परवानगी दिलेली नव्हती. तो मागे बसला. सहा फुटी माणूस, गुडघे माझ्या बरगड्यांपर्यंत आलेले, मागची सीट पुढे उतरती असल्याने प्रत्येक ब्रेकला माझ्यावर घसरणारा. पवईपर्यंत गेलो आणि तो उतरून कंबर चोळत उभा राहिला. म्हणाला, मागे बसणाऱ्याचे हाल होतात गं, तू कधी बोलली नाहीस ते. मी म्हटलं, बोलत होते रे, तुला हेल्मेटमधून ऐकू येत नव्हतं. तो हसला. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, त्याने स्वतःसाठी जुनी स्कूटर बघितली, डिकीवाली, बुटकी, आज्ञाधारक. ही गाडी त्याने मागितली नाही आणि मीही विचारलं नाही.

हिराबाईंकडे मी अजून जाते. औषधं बदलली, पथ्य चालू आहे, चेहरा भरून आला आहे. आता त्या मला हाताची पाठ स्वतःच पुढे करतात आणि दुसऱ्या कोणाला टोचू देत नाहीत. गेल्या आठवड्यात रक्त घेऊन झाल्यावर त्या माझ्यामागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "बाय, मला बसव."

सून मागून नको नको म्हणत होती. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. त्यांनी दोघींकडेही लक्ष दिलं नाही. तेव्हा मला त्यांनी एक गोष्ट सांगितली, अगदी सहज, मासळी विकायला जाताना सांगावी तशी. चाळीस वर्षं त्या डोक्यावर मासळीची टोपली घेऊन खारच्या बाजारात चालत गेल्या. उन्हातान्हात, पावसात. नाक्यावर रिक्षा उभ्या असायच्या, पण टोपली दिसली की कोणी घ्यायचं नाही. वास लागतो, सीट खराब होते म्हणायचे. हात करून करून शेवटी त्यांनी हात करायचंच सोडलं.

नाक्यापर्यंतच, असं म्हणत मी डबा सुनेच्या हातात दिला आणि गाडीला अडकवलेलं मागे बसणाऱ्याचं हेल्मेट काढलं. अंबाड्यावर ते बसेना, मग त्यांनी आधी फुलांची वेणी काढली, मग अंबाडा सोडला आणि हेल्मेट घातलं. साडी नेसलेल्या बायकांसारखं एका बाजूला बसा म्हणून मी सांगणार होते. पण त्यांचं लुगडं कोळी पद्धतीने कासोटा घालून घट्ट नेसलेलं होतं. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलला आणि पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसल्या. म्हणाल्या, चल आता.

मी निघाले. जाळ्यांवर बसलेली माणसं माना वर करून बघायला लागली. कोणीतरी दारातून हाक मारली, ए हिरा, कुठं चाललीस? मी दुसरा गिअर टाकला, खाऱ्या वाऱ्याचा झोत आला, त्यांची पकड माझ्या खांद्यावर घट्ट झाली आणि मग सैल झाली. कोळीवाडा मागे पडला. समोर नाका आला, रांगेत रिक्षा उभ्या, चालक बाहेर उभे राहून चहा पीत होते.

हिराबाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"इथं जरा सावकाश घे," त्या म्हणाल्या. "बघू दे त्यांना."